देवाने मोशेची जीभ बदलली नाही



वाचायला सुरुवात करण्याआधी आज एक छोटेसे काम करायचे आहे. वहीच्या मागच्या पानाचा एक तुकडा घ्या आणि त्यावर एकाच ओळीत लिहा : मला माझ्यातले काय आवडत नाही? कोणाला दाखवायचे नाही, बरं का! 'मी काळी आहे', 'मी बुटका आहे', 'माझे दात पुढे आहेत', 'मला गणित येत नाही', जे मनात येईल ते लिहा. लिहिलेत? आता कागदाची घडी घाला आणि एखाद्या पुस्तकात ठेवून द्या. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगते.

मी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते, आणि रविवारी आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. मागे एका रविवारी वर्ग सुटल्यावर सहावीतला एक मुलगा मागे थांबला. बाके सरळ करायला मदत करतोय असे दाखवत होता, पण त्याला काहीतरी विचारायचे होते. शेवटी म्हणाला, "बाई, देव वचन देतो आणि पाळत नाही, असं होतं का कधी?"

मी म्हटले, "असं का वाटलं तुला?"

"दोन वर्षं झाली, मी रोज प्रार्थना करतोय उंची वाढायची. काहीच झालं नाही. कबड्डीच्या संघात घेतच नाहीत मला. वचनाचं कार्ड तर घरी भिंतीवर लावलंय."

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पुष्कळ मंडळ्यांमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना असते. ती संपली की प्रत्येकाने पेटीतून एक कार्ड उचलायचे. त्यावर पवित्र शास्त्रातले एक अभिवचन छापलेले असते. तेच आपले वर्षभराचे वचन. लहान मुलांना ती मोठी गंमत वाटते. पण कधी कधी त्या कार्डाकडे आपण लॉटरीच्या तिकिटासारखे पाहू लागतो. नंबर लागला तर देव खरा, नाही लागला तर खोटा!

त्या मुलाचा प्रश्न मला पोरकट वाटला नाही. कारण त्याच्याच वयाची असताना तो प्रश्न मीही विचारला होता.

मुलांनो, मी लहानपणी फार अडखळत बोलायचे. शब्द मनात तयार असायचा, पण ओठांवर येऊन अडकून बसायचा. सगळ्यांत कठीण अक्षर 'ह'. आणि शाळेत रोज सकाळी पहिला शब्द कोणता? 'हजर'! माझा नंबर जवळ येऊ लागला की पोटात गोळा यायचा. मी उभी राहायचे, "ह... ह..." करायचे, तोवर मागून कोणीतरी ओरडायचे, "कॅसेट अडकली!" सगळा वर्ग हसायचा. घरच्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिले, तोंडात सुपारी धरून वाचायला लावले. कशानेच फरक पडला नाही. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. 'आपण बोलायचंच नाही,' असे मी ठरवून टाकले होते.

१९९९ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री मी पेटीतून कार्ड उचलले. त्यावर निर्गमाच्या चौथ्या अध्यायातले वचन होते, देवाने मोशेला दिलेले. काय बोलायचे ते मी तुला शिकवीन आणि तुझ्या तोंडाला साहाय्य करीन, असा त्याचा अर्थ. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सबंध पेटीत नेमके हेच कार्ड माझ्या हाताला लागावे! आता सोमवारी शाळेत गेल्यावर 'हजर' शब्द कसा घडाघडा बाहेर पडेल, याची मी वाट पाहू लागले.

सोमवार उजाडला. हजेरी सुरू झाली. मी उभी राहिले. आणि... "ह... ह... ह..."

संध्याकाळी मी आजीजवळ जाऊन रडले. आजी फार शिकलेली नव्हती, पण शास्त्र रोज वाचायची. मी म्हटले, "आजी, देवानं तर वचन दिलंय. मग पाळलं का नाही?"

आजीने चष्मा लावला, शास्त्र माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "कार्डावर एकच ओळ असते गं बाळा. त्याच्या मागचं-पुढचं वाच. आणि मोशेची जीभ नीट झाली असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर मला दाखव."

मी वाचत बसले. तुम्हीही हे अध्याय जरूर वाचा. मोशे तेव्हा ऐंशी वर्षांचा होण्याच्या बेतात होता आणि सासऱ्याची मेंढरे राखत होता. देवाने त्याला सांगितले की मिसर देशात जा, फारो राजासमोर उभा राहा आणि माझ्या लोकांना गुलामीतून सोडवून आण. मोशे घाबरला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की मी असा कोण, जो हे काम करणार?

आता गंमत पाहा. आपण कोणी असतो तर काय उत्तर दिले असते? "अरे मोशे, तू किती हुशार! राजवाड्यात वाढलेला! तुला सगळं जमेल!" हो की नाही? देवाने यातले काहीच म्हटले नाही. मोशेने विचारले, 'मी कोण?' आणि देवाने उत्तर दिले ते स्वतःविषयी. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच.

मग मोशेने आपले खरे दुखणे सांगितले. मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. तेव्हा देवाने त्याला विचारले की माणसाला तोंड दिले कोणी? आणि माझ्या कार्डावरचे ते वचन दिले. तरीही मोशे म्हणतच राहिला की दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देवाला रागही आला. पण त्याने मोशेला सोडून दिले नाही. त्याचा मोठा भाऊ अहरोन याला सोबत दिले. अहरोन चांगला बोलणारा होता.

मी पुढे वाचत गेले. सहाव्या अध्यायात मोशे पुन्हा तीच तक्रार करतो, की मला नीट बोलता येत नाही, फारो माझे कसे ऐकेल? म्हणजे जीभ होती तशीच होती! तरी मोशे फारोसमोर गेला. एकदा नाही, अनेकदा गेला. आणि लोक सुटले. त्याची जीभ मोकळी झाली असे त्या गोष्टीत मला कुठेच सापडले नाही.

आजी म्हणाली, "पाहिलंस? देवानं नवी जीभ देतो असं म्हटलंच नव्हतं. आहे त्या जिभेबरोबर मी येतो, असं म्हटलं होतं."

त्या दिवशी मला वचन आणि इच्छा यांतला फरक कळला. माझी इच्छा होती 'ह' सुटावा. देवाचे वचन होते सोबतीचे. मी एकाची वाट पाहत होते आणि दुसरे माझ्याजवळ येऊन उभे होते.

पण हे कळले म्हणून सगळे सोपे झाले असे समजू नका हं! दुसऱ्या दिवशीही वर्ग हसलाच. फक्त एक झाले. मी खाली बसण्याची घाई केली नाही. शब्द पुरा होईपर्यंत उभी राहिले. पोटात गोळा होताच, पण 'मी एकटी उभी आहे' असे वाटले नाही.

बारावीनंतर मी डी.एड.ला गेले. घरच्यांना काळजी, की बोलायचे हेच जिचे काम, ती अडखळणारी मुलगी शिक्षिका कशी होणार? २००६ साली माझा पहिला सरावपाठ होता. पाठाचे टाचण पाठ होते, तरी "मुलांनो" म्हणताना पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. मागे निरीक्षक बसलेले. मी खडू उचलला आणि अडलेला शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. मुलांनी तो एका सुरात वाचला. मग माझ्या लक्षात आले, की फळा हाच माझा अहरोन! त्या दिवशी निम्मा पाठ मी बोलले आणि निम्मा फळ्याने. वहीत शेरा मिळाला : 'फलकलेखन उत्तम. बोलण्यातील ओघ सुधारावा.' दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या!

पुढे मी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडेही गेले. श्वास कसा घ्यायचा, शब्दाची सुरुवात हलकी कशी करायची, हे शिकले. त्याचा मला खूप उपयोग झाला. प्रार्थना करायची की उपचार घ्यायचे, असा प्रश्न कधी पाडून घेऊ नका. अहरोन जसा देवानेच पाठवला, तसे चांगले डॉक्टर आणि चांगले शिक्षकही तोच देतो, अशी माझी श्रद्धा आहे. आजही मी कधी कधी अडखळते. माझ्या वर्गातल्या मुलांना ते माहीत आहे. ती थांबतात. आणि त्यांच्यापैकी कोणी वाचताना अडले, की मीही थांबते. थांबायला मला कोणी शिकवावे लागले नाही.

तुम्ही म्हणाल, "बाई, मोशे फार जुना. आपल्या इकडची गोष्ट सांगा ना!" तर ऐका.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती' आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्या संस्कृतच्या मोठ्या विदुषी. १८७८ साली कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण त्यांचे आयुष्य सुखाचे नव्हते. दुष्काळात आईवडील गेले. मग भाऊ गेला. १८८२ साली पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. भारतातल्या स्त्रियांना औषधोपचार मिळावेत म्हणून आपण डॉक्टर व्हायचे, असा निश्चय करून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि डॉक्टर होण्याचे काय झाले? ते दार बंद झाले. रमाबाईंना ऐकू कमी येत होते आणि ते वाढत चालले होते. त्यामुळे वैद्यकीचे शिक्षण त्यांना घेता येईना. विचार करा, सातासमुद्रापलीकडे जायचे, आणि कानांमुळे सगळा बेत फसायचा! 'देवा, तू मला इथवर आणलंस कशाला?' असे कोणालाही वाटेल.

पण रमाबाई थांबल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा स्त्रिया आणि मुलींसाठी 'शारदा सदन' सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणले आणि तिथे 'मुक्ती' उभे राहिले. ज्यांना घर नाही त्यांना घर मिळाले, अक्षरओळख मिळाली, हाताला काम मिळाले. आणि त्यांचे आणखी एक मोठे काम. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या शास्त्राचे भाषांतर केले. मुक्तीतल्याच स्त्रियांनी त्याचे टाइप जुळवले आणि तिथेच ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण पुस्तक १९२४ साली बाहेर आले.

रमाबाईंचे कान बरे झाले म्हणून हे काम झाले नाही. कान तसेच राहिले आणि काम झाले. ज्यांना स्वतःला कमी ऐकू येत होते, त्यांनीच इतक्या मुलींचे दुःख ऐकले.

प्रेषित पौलाचेही असेच. आपल्या देहात एक काटा सलतो आहे, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. तो काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, असे उत्तर मिळाले. प्रार्थनेला 'नाही' असे उत्तर आले म्हणजे ती ऐकलीच नाही, असे नसते.

आता दिसण्याबद्दल थोडेसे. कारण पुष्कळांच्या कागदावर तेच लिहिलेले असेल.

मी शिकवते त्या शाळेत सगळ्या धर्मांची मुले आहेत. तिथे मी शास्त्र उघडून बसत नाही, पण मला जे शिकायला मिळाले ते माझ्याबरोबर वर्गात येतेच. एकदा मी मुलांना स्वतःचे चित्र काढायला सांगितले. एका मुलीने चित्र सुंदर काढले, पण चेहरा रंगवलाच नाही. विचारले तर हळूच म्हणाली, "बाई, माझा रंग पेटीत नाही. पेटीतला स्किन कलर गोरा आहे." मग अगदी बारीक आवाजात, "घरी पण म्हणतात, ही कोणावर गेली कोण जाणे."

मी तिला म्हटले, "बाळा, रंगांची पेटी कंपनीनं बनवली. तुला कंपनीनं नाही बनवलं." मग आम्ही सगळ्यांनीच तपकिरी, पिवळा, तांबडा असे रंग एकमेकांवर घासून आपापल्या हाताशी जुळवायला सुरुवात केली. कोणाचा रंग गुळासारखा निघाला, कोणाचा चिंचेसारखा, कोणाचा ओल्या मातीसारखा. ज्याला त्याला आपलाच रंग जुळवायची घाई! त्या मुलीने चेहरा रंगवला आणि चित्र माझ्या टेबलावर सगळ्यांत वर आणून ठेवले.

बेथलेहेमात इशायाच्या घरीही असेच झाले होते. शमुवेल संदेष्टा राजा निवडायला आला, तेव्हा एकापाठोपाठ एक सात उंचपुरे मुलगे त्याच्यापुढून गेले. धाकट्या दाविदाला तर कोणी बोलावलेसुद्धा नव्हते. तो रानात मेंढरांमागे. माणूस बाहेरचे पाहतो, देव अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला त्या दिवशी शिकावे लागले. मोठ्या संदेष्ट्यालाही हे शिकावे लागले, मग आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून शिकायचे असेल तर नवल काय?

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. 'तू किती हुशार' असे दिवसातून दहा वेळा म्हटल्याने मूल सावरतेच असे नाही, कारण त्याला खरे काय ते माहीत असते. त्यापेक्षा 'तुला जमो न जमो, मी तुझ्याबरोबर आहे' हे त्याला कळू द्या. मूल अडखळत असेल तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, 'नीट बोल' म्हणून ओरडू नका. त्याच्याकडे पाहा आणि थांबा. अडखळणे हा आळस नाही की हट्ट नाही. लहान वयात पुष्कळ मुलांचे ते आपोआप जाते. गेले नाही तर तज्ज्ञांना जरूर दाखवा. आणि रंग, उंची, दात यांवरची थट्टा घरात तरी नको. ती थट्टा मुले विसरत नाहीत.

आता त्या सहावीतल्या मुलाचे. त्याला मी हेच सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे माझी उंची वाढणारच नाही?" मी म्हटले, "वाढेलही! अजून तुझं वय आहे वाढायचं. पण ती वाढेल तेव्हाच देव खरा, असं नको ठरवूस." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, बुटका असलो तरी मी पाय चांगला धरतो." पुढच्या आठवड्यात त्याने कबड्डीच्या सरांना जाऊन स्वतः विचारले. सरांनी त्याला सरावाला यायला सांगितले आहे. संघात निवड व्हायची आहे अजून. झाली तर कळवीनच. नाही झाली तरी तो सरावाला जाणार आहे, असे त्याने मला बजावून सांगितले आहे.

चला, आता पुस्तकातली ती घडी काढा. तुम्ही जे लिहिले आहे ते खोडू नका, फाडूही नका. त्याच्या खाली तीन गोष्टी लिहा.

पहिली : यातले काय बदलता येईल आणि त्यासाठी मी कोणाची मदत घेऊ? म्हणजे तुमचा अहरोन कोण? गणित असेल तर ताई, दादा, बाई. दात असतील तर दातांचे डॉक्टर.

दुसरी : जे बदलणार नाही, त्याच्यासकट मला कोणते काम करायचे आहे?

तिसरी : तुमच्या घरी वचनाचे कार्ड असेल तर ते वचन शास्त्रात शोधा आणि सबंध अध्याय वाचा. देवाने ते कोणाला दिले, कोणत्या वेळी दिले आणि नेमके काय देतो म्हटले, हे पाहा. आपल्या मनातले त्यात घालू नका आणि त्यातले काही गाळूही नका.

मग देवाशी बोला. शब्द अडखळले तरी चालेल. तो घाई करत नाही.

तुमचीच,
एक बाई